केशव सिंह प्रकरण : रेषा कोणी ओढायची?

१४ मार्च १९६४. लखनौला उत्तर प्रदेश विधानसभेचे कामकाज चालू असताना एका माणसाला अटकेत सभागृहापुढे आणून उभे केले गेले. अध्यक्षांनी त्याला नाव विचारले. तो काही बोलला नाही. पुन्हा विचारले, तरी उत्तर नाही. एवढेच नव्हे, तर तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला. माणसाचे नाव केशव सिंह. गोरखपूरचा समाजवादी पक्षाचा कार्यकर्ता. एका काँग्रेस आमदारावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे पत्रक त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापून वाटले होते. सभागृहाने तो हक्कभंग ठरवला आणि त्यांना समोर बोलावून समज द्यायचे ठरवले. दोघेजण फेब्रुवारीत आले, समज ऐकून परत गेले. केशव सिंह आला नाही. गोरखपूरहून लखनौला येण्यापुरते पैसे आपल्याकडे नाहीत, असे त्याने कळवले. शेवटी त्याला धरून आणावे लागले.

आणण्याच्या तीन दिवस आधी त्याने अध्यक्षांना एक पत्र लिहिले होते. त्यात या शिक्षेला त्याने ‘नादिरशाही’ म्हटले होते. अध्यक्षांनी ते पत्र सभागृहाच्या नजरेस आणले. मुख्यमंत्री सुचेता कृपलानी यांनी ठराव मांडला आणि केशव सिंहला सात दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली.

प्रकरण इथेच संपले असते, तर आज त्याची आठवण कोणाला राहिली नसती. पण पुढच्या बारा दिवसांत या सात दिवसांच्या कैदेने देशातली तीनही सत्तास्थाने एकमेकांसमोर आणून उभी केली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ’ असे तीन चौकोन काढलेले असतात. त्या चौकोनांमधल्या रेषा प्रत्यक्षात कशा असतात, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके चांगले उदाहरण आपल्या घटनात्मक इतिहासात क्वचितच सापडेल.

बारा दिवस

१९ मार्चला, शिक्षा संपायला थोडाच अवधी उरला असताना, बी. सॉलोमन या वकिलांनी केशव सिंहच्या वतीने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. अटकेतल्या माणसाला कोणत्या अधिकाराने डांबले आहे, ते दाखवा, असे विचारणारा हा अर्ज. न्या. एन. यू. बेग आणि न्या. जी. डी. सहगल यांच्यापुढे तो आला. दुपारी तीनला सुनावणी ठेवली, तेव्हा सरकारी वकील हजर नव्हते. न्यायाधीशांनी अर्ज दाखल करून घेतला आणि त्याचा निकाल लागेपर्यंत केशव सिंहला जामिनावर सोडले.

२१ मार्चला विधानसभेने ठराव केला : केशव सिंह, त्याचे वकील आणि दोन्ही न्यायाधीश या चौघांनी सभागृहाचा अवमान केला आहे. केशव सिंहला उरलेली शिक्षा भोगायला परत तुरुंगात पाठवावे आणि वकिलांना व दोन्ही न्यायाधीशांना अटक करून सभागृहापुढे हजर करावे.

उच्च न्यायालयाच्या कामावर असलेल्या न्यायाधीशांना त्यांनी दिलेल्या आदेशाबद्दल अटक करण्याचा हा ठराव होता. न्यायाधीशांना ही बातमी रेडिओवरून कळली. २३ मार्चला सभागृहाचे मार्शल आणि लखनौचे आयुक्त यांच्या नावे वॉरंट निघाली. त्याच दिवशी दोन्ही न्यायाधीशांनी अलाहाबादला जाऊन आपल्याच न्यायालयात अर्जदार म्हणून धाव घेतली. उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांचे पूर्णपीठ बसले आणि त्याने वॉरंटांच्या अंमलबजावणीला मनाई केली.

आता त्या आयुक्तांच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. एका हातात विधानसभेचा कागद : न्यायाधीशांना पकडा. दुसऱ्या हातात उच्च न्यायालयाचा कागद : पकडू नका. दोन्ही कागदांवर घटनेने निर्माण केलेल्या संस्थांचे शिक्के. सत्तेचे विभाजन हा शब्द आपण तात्त्विक चर्चेत वापरतो. पण त्याचा कस लागतो तो अशा एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर. तिथे कोणता कागद खरा मानायचा, हे ठरलेले नसेल, तर पुढे ताकदीचाच प्रश्न उरतो.

२५ मार्चला विधानसभेने एक पाऊल मागे घेतले. आपला हेतू स्पष्टीकरणाची संधी नाकारण्याचा नव्हता, असे सांगून तिने वॉरंट मागे घेतली. मात्र न्यायाधीशांनी विशेषाधिकार समितीपुढे यावे, हा आग्रह कायम ठेवला. २६ मार्चला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी घटनेच्या कलम १४३ खाली पाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवले. केंद्र सरकार स्वतः कोणाच्याही बाजूने उभे राहिले नाही. भांडण रस्त्यावरून उचलून न्यायालयाच्या दालनात नेण्याचे काम मात्र त्याने केले.

तीन चौकोन आणि आपली घटना

सत्ता तीन हातांत वाटलेली असावी, हा विचार माँतेस्क्य या फ्रेंच विचारवंताने १७४८ साली मांडला. कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्याखाली न्याय देणारा हात एकच असेल, तर सामान्य माणसाला दाद मागायला जागा उरत नाही, असा त्याचा रोख. गंमत अशी की, ज्या इंग्लंडकडे पाहून त्याने हे लिहिले, तिथे मंत्री संसदेतच बसत होते. अमेरिकेने त्याचे म्हणणे जास्त शब्दशः घेतले.

आपल्या घटना समितीपुढे हा प्रश्न आला होता. डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शाह यांनी राज्याच्या तीनही अंगांमध्ये संपूर्ण विभाजन असावे, असे कलम घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. न्यायदान कार्यकारी सत्तेपासून वेगळे हवे, याबद्दल त्यांचा वाद नव्हता; पण मंत्र्यांना विधिमंडळाबाहेर ठेवण्याचा अमेरिकी प्रकार आपल्याला सोयीचा नाही, मंत्री सभागृहात बसले म्हणजे सदस्यांना कामात मार्गदर्शन मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना फेटाळली गेली. त्यामुळे आपल्या घटनेत ‘सत्ताविभाजन’ या नावाचे सरसकट कलम नाही. जे स्पष्टपणे आले, ते मार्गदर्शक तत्त्वांतले कलम ५० : न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून वेगळे करावे.

या कलमामागचा अनुभव मराठी वाचकाला परका नाही. इंग्रजी अमलात सारा वसूल करणाऱ्या मामलेदाराकडेच मॅजिस्ट्रेटचेही अधिकार असत. फिर्याद ज्याच्या खात्याविरुद्ध, न्याय मागायचा त्याच्याकडेच. मुंबई राज्याने १९५१ साली स्वतंत्र कायदा करून हे दोन हात वेगळे करायला सुरुवात केली. देशभरासाठी ते काम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केले.

म्हणजे कार्यकारी आणि न्याय यांच्यामधली भिंत घटनाकारांनी आखून दिली. कायदेमंडळ आणि न्यायमंडळ यांच्यामध्ये मात्र भिंतीऐवजी काही कुंपणे घातली. कलम २११ : न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातल्या वर्तनाची चर्चा विधिमंडळात होणार नाही. कलम २१२ : विधिमंडळाच्या कामकाजाची वैधता कार्यपद्धतीतल्या चुकीच्या कारणावरून न्यायालयात तपासली जाणार नाही. तू माझ्या अंगणात येऊ नको, मी तुझ्या येत नाही, असा हा करार. केशव सिंह उभा होता तो या दोन कुंपणांच्या मधल्या जागेत. तो आमदार नव्हता. त्याचे पत्रक सभागृहात वाटले गेले नव्हते. पण शिक्षा सभागृहाने दिली होती.

उसना घेतलेला अधिकार

विधिमंडळाला विशेषाधिकार लागतात, याबद्दल दुमत नाही. आमदाराने सभागृहात बोललेल्या शब्दासाठी त्याच्यावर खटला भरता येऊ लागला, तर तो निर्भयपणे बोलणार नाही. अधिकार आहेत ते त्यासाठी. पण ते नेमके कोणते? घटनेच्या कलम १९४(३) ने सांगितले की, विधिमंडळ कायदा करून ते ठरवीपर्यंत, घटना अमलात आली तेव्हा इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सला जे अधिकार होते, तेच इथल्या सभागृहांना असतील. हा कायदा कोणीच केला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचे नाव गेले, पण अधिकारांचा साठा तोच राहिला.

त्यामुळे गोरखपूरच्या कार्यकर्त्याला तुरुंगात टाकता येते का, याचे उत्तर लंडनच्या जुन्या निकालांत शोधावे लागले. तिथली एक जोडी या वादाच्या केंद्रस्थानी होती. कॉमन्सच्या आदेशाने हॅन्सार्ड यांनी छापलेल्या तुरुंगविषयक अहवालात स्टॉकडेल या प्रकाशकाच्या पुस्तकाला अश्लील म्हटले होते. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८३९ मध्ये न्यायालय म्हणाले, एकट्या सभागृहाच्या ठरावाने देशाचा कायदा बदलत नाही, दावा चालेल. पुढे भरपाईचे ६०० पौंड वसूल करायला मिडलसेक्सचे शेरीफ गेले, तेव्हा कॉमन्सने शेरीफांनाच अटक केली. शेरीफ त्याच न्यायालयात गेले. आणि १८४० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, सभागृहाच्या वॉरंटात कारण न देता नुसता ‘अवमान’ असा उल्लेख असेल, तर त्यामागे आम्हाला जाता येत नाही. न्यायालयाचा हुकूम बजावणारे अधिकारी कोठडीत राहिले. अशा कारण न सांगणाऱ्या वॉरंटाला सर्वसाधारण वॉरंट म्हणतात. केशव सिंहचे वॉरंट याच प्रकारचे होते.

उत्तर प्रदेश विधानसभेचा हा अधिकार त्याआधी मुंबईनेही अनुभवला होता. मार्च १९५२ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना मुंबईतल्या राहत्या घरी अटक करून लखनौला नेण्यात आले, कारण त्यांच्या अंकातल्या मजकुराने तिथल्या अध्यक्षांचा अवमान झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले ते एका साध्या कारणासाठी : अटकेनंतर २४ तासांत त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले नव्हते. अधिकाराचा मोठा प्रश्न तेव्हा तसाच राहून गेला. बारा वर्षांनी तो परत आला.

दिल्लीच्या दालनात मुंबईची माणसे

सात न्यायाधीशांचे पीठ बसले. अध्यक्षस्थानी साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. सरन्यायाधीश होऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा हे प्रकरण राष्ट्रपतींकडून आले. ते आणि न्या. जे. सी. शाह पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. न्या. हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. विधानसभेच्या बाजूने उभे राहिले महाराष्ट्राचे अ‍ॅडव्होकेट जनरल होरमसजी सीरवाई. न्यायाधीशांच्या बाजूने देशाचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. हे दोघेही मुंबईच्या वकिलीत वाढलेले.

सीरवाई यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले की, विशेषाधिकारांचा निर्णय करण्याचा न्यायालयाचा अधिकार सभागृहाला मान्य नाही. तो राखून ठेवूनच आपण उभे आहोत. त्यांचा मुख्य मुद्दा सरळ होता. घटनेने कॉमन्सचे अधिकार दिले आहेत. कारण न सांगता अटक करण्याचा आणि त्या अटकेची तपासणी न होऊ देण्याचा अधिकार कॉमन्सला होता. मग तो इथेही आहे. न्यायालयाने अवमानाबद्दल कैद सुनावली, तर विधानसभा त्याची चौकशी करते का? मग विधानसभेच्या शिक्षेची चौकशी न्यायालयाने का करावी?

हा युक्तिवाद हलक्याने घेण्यासारखा नाही. समानतेचा त्यातला मुद्दा आजही सभागृहांत ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. न्यायालयेही आपल्या अवमानाबद्दल आपणच शिक्षा करतात. दोन्ही ठिकाणी फिर्यादी आणि न्यायाधीश एकच.

३० सप्टेंबर १९६४ ला सहा न्यायाधीशांच्या वतीने गजेंद्रगडकरांनी दिलेल्या मताचा पाया असा होता : इंग्लंडमध्ये संसद सार्वभौम आहे; भारतात सार्वभौमत्व कोणत्याही एका संस्थेकडे नाही, घटना सर्वांच्या वर आहे. आणि घटना लिखित असल्यामुळे तिचा अर्थ कोणीतरी लावावा लागतो. ते काम न्यायालयाचे. कॉमन्सच्या वॉरंटामागे जाता येत नाही, याचे कारण इतिहासात आहे. ते सभागृह पूर्वी एका उच्च न्यायपीठाचा भाग मानले जाई. आपली विधिमंडळे कधीच न्यायालये नव्हती. म्हणून तो खास अधिकार कलम १९४(३) मधून इथे आला नाही. शिवाय कलम २२६ उच्च न्यायालयाला बेकायदा अटकेची चौकशी करण्याचा अधिकार देते आणि त्यात विधिमंडळाचा अपवाद लिहिलेला नाही. कलम २११ नुसार न्यायाधीशांच्या वर्तनाची चर्चाही विधानसभेला करता येत नाही. मग त्याबद्दल त्यांना पकडून आणणे कसे चालेल?

तेव्हा उत्तर असे : खंडपीठाला अर्ज ऐकण्याचा अधिकार होता, न्यायाधीशांनी किंवा वकिलांनी अवमान केला नाही, विधानसभेला त्यांना हजर करण्याचा हुकूम देता येत नाही. न्या. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. सर्वसाधारण वॉरंट असेल, तर न्यायालयाने त्यामागे जाऊ नये, असे त्यांना वाटले. सीरवाई यांनीही पुढे आपल्या घटनाविषयक ग्रंथात बहुमताच्या मतावर टीका केली.

गजेंद्रगडकरांनी आपले मत मुद्दाम आखडते ठेवले. सदस्य नसलेल्या माणसाने सभागृहाच्या चार भिंतींबाहेर केलेल्या कथित अवमानापुरतेच ते आहे, असे त्यांनी लिहिले. आणि शेवटी जे सांगितले, ते त्यांच्या स्वतःच्या बिरादरीलाही लागू होते : अवमानाचा अधिकार मोठा आहे, म्हणूनच तो जपून वापरावा, रागाच्या भरात वारंवार वापरल्याने प्रतिष्ठा वाढत नाही. हे न्यायालयांबाबत खरे आहे, तसेच विधिमंडळांबाबतही.

केशव सिंहचे काय झाले?

या निकालाबद्दल लिहिताना बहुतेक वेळा इथेच पूर्णविराम दिला जातो. पण ज्याच्यामुळे हे सर्व घडले, त्याचा अर्ज अजून अलाहाबादला पडून होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकता येतो, एवढेच सांगितले होते. मार्च १९६५ मध्ये उच्च न्यायालयाने तो ऐकला आणि फेटाळला. सभागृहाला अवमानाबद्दल कैद देण्याचा अधिकार आहे आणि या शिक्षेत बेकायदा काही नाही, असा निर्णय झाला. केशव सिंहच्या वाट्याला उरलेली शिक्षा आली.

म्हणजे तो हरला. तरीही जे ठरले, ते लहान नव्हते. कोणत्या अधिकाराने डांबले, असे विचारण्याचा त्याचा हक्क मान्य झाला. तो प्रश्न विचारणारा वकील आणि ऐकणारा न्यायाधीश गुन्हेगार ठरला नाही. शिक्षा योग्य की अयोग्य, हा पुढचा प्रश्न. आधी प्रश्न विचारायला दार उघडे असावे लागते. पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेने जानेवारी १९६५ मध्ये घटनादुरुस्तीची मागणी केली होती. ती दुरुस्ती झाली नाही. विधिमंडळाला आपला अधिकार शाबूत राहिल्याचे समाधान मिळाले, न्यायालयाला आपला. रेषा कोणा एकाच्या विजयाने ठरली नाही. दोघेही थोडे मागे सरकले आणि मधे जागा राहिली.

महाराष्ट्रात तोच प्रश्न

ही जागा आजही पुनःपुन्हा तपासली जाते. २०२० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात एका वृत्तवाहिनीच्या संपादकांविरुद्ध हक्कभंगाचा प्रस्ताव आला. संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले. सभागृहाची गोपनीय कागदपत्रे न्यायालयात का दाखल केली, असे विचारणारे पत्र विधानमंडळ सचिवालयाकडून त्यांना गेले. न्यायालयाने पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला अवमानाची नोटीस काढली. डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी ठराव केला की, न्यायालयांच्या नोटिसांना उत्तर द्यायचे नाही. संपादकांबद्दल कोणाचे मत काहीही असो. प्रश्न १९६४ चाच होता. न्यायालयाचे दार ठोठावणे हाच अवमान ठरू शकतो का?

जुलै २०२१ मध्ये विधानसभेने विरोधी पक्षाचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. ते अधिवेशन होते दोन दिवसांचे. २८ जानेवारी २०२२ ला न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने अधिवेशनापलीकडचे निलंबन रद्द केले. इथे अंगण सभागृहाचेच होते आणि माणसेही सभागृहातलीच. तरीही न्यायालय आत आले ते मतदारांच्या बाजूने. आमदाराला काढून टाकले, तर पोटनिवडणूक होते. वर्षभर निलंबित ठेवले, तर मतदारसंघाला प्रतिनिधीच नसतो आणि निवडणूकही होत नाही. ही शिक्षा बडतर्फीहूनही वाईट, असे न्यायालयाला वाटले. गडबड करणाऱ्या सदस्याला चालू अधिवेशनापुरते बाहेर ठेवण्याचा सभागृहाचा अधिकार मात्र कायम राहिला.

या तिन्ही प्रसंगांत सभागृहाची आणि न्यायालयाची प्रतिष्ठा हे शब्द फार वापरले गेले. सत्ताविभाजनाची चर्चा अशा वेळी दोन संस्थांच्या मानापमानाची होऊन बसते. पण माँतेस्क्यची मूळ चिंता संस्थांच्या मानाची नव्हती. एका सत्तेने पकडलेल्या माणसाला दुसऱ्या सत्तेकडे जाता यावे, ही होती. मामलेदाराच्या कचेरीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याची अडचण तीच होती आणि कलम ५० त्याच्यासाठी आले.

विशेषाधिकार कायद्याने लिहून काढावेत, ही सूचना घटनेतच आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने १९८७ साली तसे केले. आपल्याकडे पंच्याहत्तर वर्षे होऊन गेली, तरी ते झालेले नाही. तोवर असा वाद उभा राहील, तेव्हा त्याकडे पाहताना निदान एक कसोटी हाताशी ठेवता येईल. कोणाचा अधिकार मोठा, हे विचारण्याआधी पाहावे की, ज्याच्याकडे गोरखपूरहून लखनौला यायचे पैसे नाहीत, त्या माणसाला या भांडणानंतर दाद मागायला एखादे दार उघडे राहिले आहे का.